कोणी मेले नसताना पाळलेले सुतक

"हिचं नाव छावणीच्या यादीत लिहू नका," असे म्हणत डॉक्टर अण्णांनी माझ्या हातातला टाक काढून घेतला आणि 'नाव मी वगळले' असे स्वतःच्या अक्षरात लिहिले. कल्याण स्टेशनच्या प्लेग तपासणीवर कारकून म्हणून माझा तो पहिला दिवस. आमची ओळख ती अशी झाली.

बाई आंबिवलीची. सकाळी ठाण्याला आईला पाहून परतत होती. अंगावर पिणारे मूल सासूपाशी होते. ताप नाही, गाठ नाही. तरी ठाण्याकडून आलेल्या प्रत्येकाने दहा दिवस छावणीत राहावे, असा हुकूम. डोंबिवलीला उतरून पायी जाणाऱ्याला मात्र कोणी विचारत नव्हते. अण्णांनी हे वर चार वेळा लिहिले होते. चारही वेळा उत्तर आले की हुकूम वाचावा.

आम्ही तिच्याबरोबर आंबिवलीला गेलो. अण्णांनी सासूला सांगितले की घराने दहा दिवस सुतक पाळावे. कोणी बाहेर पडू नये, कोणाला आत घेऊ नये. सुतकाला पहारा लागत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

"मेला कोन?" सासूने विचारले.

"कोणी मरू नये म्हणून पाळायचं, आजी."

"जित्या मानसाचा सुतक? डाक्तर, तुमचा डोका ठिकानावर हाय ना?"

वरच्या साहेबांनाही हीच शंका आहे, असे अण्णा म्हणाले. म्हातारी हसली आणि तिने दार लावून घेतले.

अण्णा रोज पहाटे पायी जाऊन उंबऱ्याबाहेरून सर्वांना पाहत. मला बरोबर नेत. मी वैतागलो होतो. नोकरीची भीतीही होती. तिसऱ्या दिवशी तसे बोललो. त्यानंतर त्यांनी मला नेले नाही, आणि माझी सही लागेल असा एकही कागद माझ्यापुढे ठेवला नाही.

दहा दिवस झाले. बाई ठणठणीत, मूलही. अण्णांनी हे सर्व वर कळवले आणि अशीच मोकळीक इतरांसाठीही मागणारा अर्ज केला. उत्तर आले: घरी ठेवण्याची तरतूद हुकुमात नाही; खुलासा करावा.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली; आज अण्णांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. सरकारी उत्तरांची वाट पाहणाऱ्याला दीर्घायुष्य लागते. त्यांना ते निरोगी शरीरासह भरपूर लाभो.

तेव्हा खुलासा मागणारे ते उत्तर आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीचे सर्व उतारू छावणीत नेण्यात आले. अण्णांनी तोच अर्ज पुन्हा उतरवायला सांगितला. मी उतरवला, आणि खाली माझीही सही केली.