तहानेनं गेलेली माय

लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याच सुमारास आमच्याकडं पावसानं दडी मारली. मी देवणीकडच्या एका खेड्यात मराठीचा मास्तर होतो. टँकरसाठी गावानं तहसीलदारांकडं दोन साधे अर्ज दिले होते. उत्तर आलं नाही. सरपंच म्हणाले, "गुर्जी, आता तुम्हीच लिवा. वाचणाऱ्याचं काळीज हाललं पाहिजे."

वर्गात मी अलंकार शिकवायचो. कशानं काय होतं ते मला ठाऊक होतं. एकच शब्द पुन्हा पुन्हा आणायचा. सांगायचं तिथं विचारायचं. आणि आकड्यांच्या जागी एक माणूस उभं करायचं. गल्लीतली एक म्हातारी नुकतीच वारली होती. मी लिहिलं, "तहानेनं एक माय गेली. तहानेनं अजून किती माया जायच्या, साहेब?" खाली तिच्या लेकानंही अंगठा उठवला. त्याला वाचून दाखवायला मी थांबलो नाही.

आठ दिवसांत जीप आली. साहेबांच्या हातात माझा कागद होता. त्यांनी लेकाला पुढं बोलावलं.

"आई पाण्यावाचून गेली का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हातारी तापानं गेली होती, वयही झालं होतं. सरपंच खाली बघत होते. बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या.

"हाव," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टँकर सुरू झाला.

म्हातारी तहानेनं गेली, हे बोलणं फिरत फिरत उदगीरला त्याच्या बहिणीच्या कानावर गेलं. ती आली ती थेट टँकरपाशी. तिनं भावाचं बखोट धरलं. "मायला घोटभर पाणी मिळंना अन् तू काय करत होतास?" खरं सांगावं तर टँकर जाईल, म्हणून तो गप्प राहिला. मी रांगेत, दोन पावलांवर होतो. माझा नंबर आला. मी घागर भरली आणि घरी नेली.

बहीण तशीच उदगीरला परत गेली. संध्याकाळी तो आला. उंबऱ्याशीच बसला.

"गुर्जी, शेवटपर्यंत मी तिला चमच्यानं पाणी पाजलं."

"मला माहीत आहे."

"मंग तसं लिवा की. बहिणीला एक चिठ्ठी."

मी बरं म्हणालो. दौत, कागद समोरच होते. तीन दिवस कागद समोर ठेवून बसलो. एकही वाक्य खरं वाटेना. नंतर तेही सोडलं. जेवण जात होतं, झोप लागत होती. त्यानं परत विचारलं नाही. बहीण वर्षश्राद्धालाही आली नाही.