शोभाताईंचा सहाचा चंद्र

नागपूरच्या प्रताप नगरात शोभाताईंकडे बघून घड्याळ लावावं, असं शेजारीपाजारी म्हणत. सत्तावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात कारकुनी केली, हजेरीपटावर कधी लाल शेरा पडला नाही. सकाळी साडेपाचला पोथी, तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा. आणि वर्षातून एकदा, भाऊबीजेला, बरोबर सहाला ताट घेऊन त्या गच्चीवर जात आणि चंद्राला ओवाळत.

धाकटा भाऊ केशव फौजेत गेला तेव्हापासूनची ही रीत. भाऊ जवळ नसला की बहिणीनं चंद्राला ओवाळावं, हे आईनं शिकवलेलं. केशव अरुणाचलात होता. ओवाळून झालं की त्या पलटणीच्या फोनवर विचारत, "दिसला का रे चंद्र?"

"दिसून राहिला ना ताई. तुह्या ताटातली सुपारीही दिसून राहिली."

मग एका पावसाळ्यात, रस्त्यावरची दरड हटवताना वरून दुसरी कोसळली. केशव घरी आला तो तिरंग्यातच. त्याला चौदा वर्षं झाली, पण शोभाताईंनी ओवाळणं सोडलं नाही. नणंद एकदा बोललीच, "गेलेल्याले ओवाळते का कोणी, वहिनी?"

"मी चंद्राले ओवाळते. तो कुठं गेला?"

बोलल्या खऱ्या. पण त्यांचा आधार एवढाच होता, की केशव होता तेव्हा सहाच्या त्या घडीला दोघंही एकच चंद्र पाहत.

यंदा भाऊबीजेला दुपारी केशवच्या पलटणीतला सुमंत भेटायला आला. निवृत्त होऊन तो आता कोराडीला राहतो. चहा-चिवडा झाला. शोभाताई ताट मांडायला लागल्या तशी सून रितिका म्हणाली, "आई, सहाला अजून वेळ आहे."

"सहाले?" सुमंतनं सहज विचारलं. "तिकडं अरुणाचलात त साडेचारलेच दिवस बुडते, ताई. सहाले बीजेचा चंद्र केव्हाचा पहाडामागं गेला राहते."

शोभाताईंचा हात कुंकवाच्या कोयरीवर थांबला. "तो त म्हणे, दिसून राहिला."

इतकी वर्षं आपलं मन राखायला भाऊ खोटं बोलला की काय?

सुमंतनं कप खाली ठेवला. "पाहाचा ना. पाचले बराकीबाहेर येऊन उभा राहाचा, धुतलेली टोपी घालून. ओवाळून घेताना डोकं उघडं नसावं म्हणे. आम्ही चिडवाचो, काहून गा, नवरदेव हायेस का? मग तासभर फोनपाशी बसून राहाचा. मी म्हटलं, ताईले सांगून टाक. त म्हणे, पाचले नागपुरात ऊन असते. चंद्रच नाही दिसला त ताई ओवाळन कोणाले?"

शोभाताईंनी निरांजनात तूप घातलं, वात सारखी केली आणि घड्याळाकडे पाहिलं. पाचला पाच मिनिटं कमी होती.

"चाल वं," त्या रितिकाला म्हणाल्या.

गच्चीवर अजून चांगलं ऊन होतं. शेजारच्यांच्या चादरी वाळत होत्या. उन्हात ज्योत दिसेना, नुसती ऊब हाताला लागे. रितिकानं कपाळावर हात धरून सगळं आभाळ धुंडाळलं.

"आई, चंद्र कुठंय?"

शोभाताईंनी पदर सावरला आणि रिकाम्या आभाळाकडे तोंड करून सुपारी-अंगठी फिरवली.

"आपल्याले नाही दिसत," त्या म्हणाल्या. "त्याले दिसून राहिला."