नावाड्याला दिलेला कंदील

चुलतभावावर मी सूड उगवला आणि मला त्याचं अजूनही वाईट वाटत नाही. आई म्हणते, वाटायला पाहिजे. माझी वाट पाहून झाली, वाटलं नाही.

बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं मी कामठ्याला घरीच होते. परीक्षांचे फॉर्म भरायचे, अभ्यास करायचा, आईच्या हाताखाली काम करायचं. अभ्यासासाठी घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरला नवे गेम झेपायचे नाहीत, म्हणून मी जुन्या धाटणीचा एक गेम उतरवून घेतला. ठिपक्याठिपक्यांची चित्रं, दोन-तीन सुरांचं संगीत, आणि हळूहळू पाण्याखाली चाललेल्या शहरात बापाला शोधणारी एक मुलगी. ती मुलगी म्हणजे आपण.

कुठे जायचं ते दाखवणारा बाण त्यात नव्हता. भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि कोण काय म्हणालं ते ध्यानात ठेवायचं. एक म्हातारी बोलता बोलता सांगते, माझी बकरी देवळामागं जात नाही. आठ दिवस डोकं खाजवल्यावर कळतं की देवळामागची जमीन पोकळ आहे. तेव्हा जो आनंद होतो तो मला कुठल्या पेपरात चांगले मार्क मिळूनही झाला नव्हता.

मी दोनशे पानी वही केली. चौकटी आखून नकाशे काढले, कोणाकडे काय मिळतं ते लिहिलं. गेममधल्या एका दलदलीला नाव नव्हतं. ती आमच्या शेतामागच्या तळ्यासारखी दिसायची. अशा तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात, म्हणून तिला मी ‘बोडी’ नाव दिलं.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत दादा आला. दादा म्हणजे माझ्या काकांचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, गोंदियात राहणारा. गेम खेळताना हिंदीत बोलून त्याचे व्हिडिओ टाकायचा, पण ते फारसं कोणी पाहत नव्हतं. मीच हौसेनं त्याला वही दाखवली. त्यानं पानं चाळली आणि हसला.

“एवढा अभ्यास पुस्तकाचा केला असता तं आतापर्यंत नोकरी लागली असती तुले.”

मला लागलं, पण मी चहा टाकायला गेले.

पोळ्याच्या सुमारास मोबाइलवर त्याचा नवा व्हिडिओ दिसला. माझाच गेम. पडद्याच्या कोपऱ्यात नकाशा होता, कॉम्प्युटरवर नीट काढलेला, पण चौकट न् चौकट माझी. मी चुकून उलटा काढलेला जिनासुद्धा तसाच उलटा. आणि दादा सांगत होता, “इस जगह को मैं बोडी बोलता हूँ.”

खाली लोकांनी वाहवा केली होती. भाई, तुमने अकेले ये सब कैसे निकाला? त्यावर त्याचं उत्तर होतं, बस, मेहनत.

मी फोन केला. “दादा, वहीचे फोटो काऊन काढले? मले इचारलं नाही, सांगतलं नाही.”

“त्यात काय झालं? गेम काय तुनं बनवला हाय का?”

“माझं नाव तरी घ्यायचं.”

“तुझं नाव घेऊन कोन पाह्यते? तू तं घरीच बसून राहते दिवसभर.”

मी फोन ठेवला. त्यानंतर त्या गोष्टीवर एक शब्द बोलले नाही. त्याला वाटलं, मी विसरले.

पुढच्या महिन्यात मी गेमच्या शेवटच्या भागात पोचले. तिथं तलावाच्या काठी एक नावाडी बसलेला असतो. बेटावर नेण्यासाठी तो मुलीकडचा कंदील मागतो. मी दिला. बेटावर गेल्यावर कळलं की नाव परत येत नाही आणि कंदिलाशिवाय तिथल्या भुयारात पाऊल टाकता येत नाही. खेळ पुढे सरकेल तसा आपोआप नोंदवला जातो आणि नोंदीला जागा एकच, त्यामुळे मागे फिरायची सोय नाही. कित्येक महिन्यांचा खेळ बुडाला. मी पहिल्यापासून सुरुवात केली, वहीच्या आधारानं भराभर तिथवर पोचले आणि या वेळी नावाड्याला रिकामी बाटली दिली. तो तीही घेतो. तेव्हाच मला दादाची आठवण झाली.

नव्या वहीत शेवटच्या भागाची बारा पानं लिहिली. अकरा पानं अगदी खरी. बाराव्या पानावर एकच ओळ खोटी: ‘नावाड्याला कंदील दे. दुसरं काही दिलं तर तो रागावतो.’ त्याखाली दोन रेघा मारल्या.

भाऊबीजेला दादा आला. मी त्याला पाटावर बसवून ओवाळलं, फराळाचं ताट दिलं आणि वही कॉम्प्युटरजवळ ठेवून स्वयंपाकघरात गेले. दाराच्या फटीतून पाहिलं तर तो एका हातात चकली धरून दुसऱ्या हातानं फोटो काढत होता. मी पुऱ्या लाटत राहिले.

दोन रविवारांनी त्यानं शेवटचा भाग दुपारी लाइव्ह ठेवला. आई अंगणात मुरमुऱ्याचे लाडू वळत होती. मी तिच्याजवळ मोबाइल घेऊन बसले. दादा ऐटीत बोलत होता. नावाड्यानं मागताच त्यानं कंदील दिला, नाव बेटाला लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तो भुयाराच्या तोंडाशी धडका देत राहिला. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, “अरे, पर इसमें तो यही लिखा है...”

लगेच खाली कोणीतरी लिहून विचारलं, किसमें लिखा है भाई? मग दुसऱ्यानं, मग ओळीनं सगळ्यांनी. किसकी कॉपी है? दादाचा चेहरा लाल झाला आणि पडदा काळा.

मी हसले. इतकी हसले की आईनं लाडू बाजूला ठेवून विचारलं, “कायले हासून राहिली?” मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही.

दोन दिवसांनी दादा गाडी घेऊन आला. दारातूनच म्हणाला, “मुद्दाम लिहिलं ना तुनं?”

“हो.”

“माझी तीन महिन्याची मेहनत होती.”

“कोनाची?”

तो हातातल्या किल्लीशी चाळा करत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “बरं, नावाड्याले काय द्याचं असते?”

“घरी बसून शोध,” मी म्हटलं.

तो पाणी न पिता गेला. व्हिडिओ त्यानं काढून टाकले. आता लग्नाकार्यात भेटलो की आम्ही हवापाण्याचं बोलतो.

गेम मी मार्गशीर्षात पूर्ण केला. बाप सापडला, दोघं होडीतून निघाले, पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं सरकली. छान होतं, पण त्या रविवारच्या दुपारची सर त्याला आली नाही.