माधवची पट्टी

दुपारी भाचेसून रेखाचा फोन आला. "मामा, हे गेले..." माझा भाचा माधव उमरीला सासुरवाडीस गेला होता. तिथे छातीत दुखू लागले आणि नांदेडला पोहोचेपर्यंत सारे आटोपले होते. मी देवणीत, घरी, खोंडाला वैरण टाकत होतो. वैरण टाकून झाल्यावर निघालो.

माधव लातुरात एका कंपनीत मोबाइलची ॲप तयार करी. आमच्या भागातील जनावरांच्या खरेदी-विक्रीचे ॲप त्याच्या हातचे. त्यात यादीच्या तळाशी बटणांची एक पट्टी असे. जनावराचा मोठा फोटो उघडला की ती लपे, मागे परतले की पुन्हा दिसे. सुरुवातीला ती एकदम उगवे. आम्हा म्हाताऱ्यांचे एकदा दाबून समाधान होत नाही. बैलाला हाक मारावी तसे आम्ही 'मागे' दोनदा दाबतो. एकदा विक्रीला टाकलेल्या माझ्या खोंडाच्या फोटोवरून परतताना दुसऱ्या दाबाखाली ती पट्टी आली आणि तिच्यातले 'विकला'चे बटण दाबले गेले. संध्याकाळी माधवचा फोन.

"मामा, खोंड इकला म्हणून दाखवून राहिलंय. कुणाला दिला?"

"तुझ्या पट्टीनं इकलाय. दावणीला येऊन बघ, हाय तिथंच हाय."

तो लई हसला; पण रविवारी आला. माझ्या हाती फोन देऊन बराच वेळ माझा अंगठा पाहत बसला. त्यानंतर फोटो मिटत जाई तशी पट्टी सावकाश वर सरके, आणि पुरती स्थिरावल्याखेरीज तिची बटणे दाब घेत नसत. कंपनीतले साहेब त्याला म्हणाले होते, "एवढ्याशा सरकण्यापायी इतका वेळ? दिसतं कुणाला?" माधवचे उत्तर होते, "दिसू नये म्हणूनच करून राहिलो, साहेब." हे त्याने मला हसत सांगितले. मला त्यात हसण्यासारखे काही आढळले नाही.

शोकसभेत तेच साहेब पुष्कळ बोलले. माधव कंपनीचा आधारस्तंभ होता, असे त्या दिवशी कळले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ॲपची नवी आवृत्ती आली आणि पट्टी पुन्हा एकदम उगवू लागली. रेखाने कंपनीत विचारले, तेव्हा "ॲप हलकं केलंय, वहिनी," असे उत्तर मिळाले. हलके! माणूस गेला, त्याची चिता विझली, आणि यांना ओझे कसले वाटले, तर त्या सरकण्याचे.

मी जुनी आवृत्ती धरून बसलो होतो. गेल्या आठवड्यात तीही बंद झाली. नवी घ्यावी लागली. आता खोंडाचा फोटो पाहून मी 'मागे' दाबतो आणि अंगठा वर धरून थांबतो... पट्टी केव्हाच येऊन बसलेली असते. अंगठा थांबतो, तो तिच्यासाठी नव्हे.