राशीवरचे ठसे

आमच्या जावयाच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. बैलगाडीच्या उभारीचा, म्हणजे कडेच्या उभ्या दांडक्याचा, तडाखा बसून ती मोडली. नीट बसवून घ्यायला सवड नव्हती, कारण घरात बापाचं प्रेत होतं.

जावई म्हणजे डोमा रामटेके. माझी बहीण कांता त्यांना दिली. मी वारलू, कुरखेड्यात सायकली दुरुस्त करतो. भाऊजी वरोऱ्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. घरातलं मीठ कधी संपलं हे त्यांना ठाऊक नसायचं, पण कृष्णविवराच्या पोटात काय आहे याची काळजी त्यांना जेवू देत नसे. आम्ही त्यावरून त्यांची भरपूर टिंगल करायचो.

त्यांनी मला ते सगळं पंक्चर काढता काढता शिकवलं. मोठा तारा मरताना स्वतःतच कोसळतो आणि त्याचं विवर होतं. आत गेलेलं मग बाहेर येत नाही, उजेडसुद्धा नाही. आत किती दडलंय त्याच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात, आणि गंमत अशी की ते माप विवराच्या पोटावर ठरत नाही, कातडीवर ठरतं, म्हणजे पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर. पण नागपूरच्या ग्रंथालयात त्यांनी पंच्याऐंशी सालचं एक परदेशी मासिक वाचलं होतं. कातडीला लागून असलेली पोकळीही स्वस्थ नसते, ती बारीक बारीक थरथरत असते, आणि ती थरथरही मापात धरावी लागते. तिला क्वांटम दुरुस्ती म्हणतात. भाऊजी ती वहीत करून पाहायचे. उत्तर दर वेळी अनंत यायचं आणि ते पान फाडून टाकायचे.

शहाऐंशीच्या नाताळात ते कुरखेड्याजवळच्या आपल्या गावी आले. त्यांचे वडील सोमाजी तीस वर्षं बापूराव पाटलाच्या खळ्यावर राखणदार होते. मळणी झाली की धानाची रास घालायची आणि तिच्यावर लाकडी ठोकळ्यानं राखेचे ठसे उमटवायचे, ही आमच्याकडची रीत. कुणी पोटातून धान काढलं तर वरचे दाणे घसरतात आणि ठसा मोडतो. संध्याकाळी मालक ठसे मारून जातो, सकाळी येऊन पाहतो.

भाऊजींना त्या राशीत कृष्णविवर दिसलं. खळ्यावर दहा-वीस माणसं बसली होती, बापूरावही होता. भाऊजी उभे राहून बोलू लागले. आतलं सगळं वरच्या कातडीवर लिहिलेलं असतं, आतून काही गेलं आणि ठसा तसाच राहिला असं होऊच शकत नाही, आणि ठसा मोडला तर आतून गेलंच म्हणून समजा. बापूराव खूश झाला, त्यानं चहा मागवला. दुरुस्तीबद्दल भाऊजी बोलले नाहीत. खेड्यातल्या माणसांना कशाला घोळात टाकायचं, असं त्यांना वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी पूर्वेकडचे नऊ ठसे मोडलेले निघाले.

बापूरावानं सोमाजीची गचांडी धरली तेव्हा मी दहा पावलांवर होतो, भाऊजींची सायकल घेऊन आलो होतो. म्हातारा म्हणत होता, मी रातभर इथंच होतो, कोणी आलं नाही. बापूराव म्हणाला, "तुह्याच पोरानं सांगतलं ना सोम्या, ठसा मोडला म्हंजे आतून माल गेला. आता तुह्या पोराले खोटं पाडतं का?"

पहिली लाथ पोटात बसली. मग बापूरावाचे दोन मुलगे आणि चार गडी धावले. गाडीच्या उभाऱ्या उपसल्या. म्हातारा राशीवर पडला, उरलेले ठसे त्याच्या अंगाखाली मोडले, आणि धान लाल झालं. मी मध्ये घुसलो तर माझं डोकं फुटलं. त्या घावाची मला लाज नाही, माझ्या हातात पान्हा असून मी एकालाही लोळवला नाही याची आहे.

भाऊजी धावत आले. आणि त्या माणसानं काय करावं? समजावायला लागले. रात्रीचं दव पडतं, सकाळचं ऊन आधी पूर्वेला लागतं, भिजलेले दाणे वाळतात आणि आपोआप सरकतात, कातडी स्वतःच हलते, आतलं काही गेलेलं नाही, मोजून पाहा. बोट दाखवत होते त्या ठशांकडे. त्याच हातावर उभारी बसली.

दवाखान्यात नेताना सोमाजी कुरखेड्याच्या वाटेवर गाडीतच गेला. दुपारी पोलीस आले, पंचांसमोर रास पायलीनं मोजली. मळणीला वीस खंडी भरली होती, तेव्हाही वीस खंडीच भरली.

मी भाऊजींच्या घरातली कुऱ्हाड घेऊन निघालो. भाऊजींनी डाव्या हातानं मला दारातच धरलं.

"सोडा भाऊजी," मी म्हणालो.

"कोणाले मारतं, वारलू? त्यायले शिकवलं कोनं? मीच तं शिकवलं. अर्धं शिकवलं."

मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला, अजूनही येतो. मारणाऱ्यानं मारलं आणि हे स्वतःला फाशी देत बसले. पुढे साक्षीदार फिरले आणि बापूराव सुटला. पुढच्या मळणीला त्याच खळ्यावर त्यानं नवा राखणदार ठेवला.

भाऊजी डाव्या हातानं लिहायला शिकले. कांता सांगायची, जेवणाचं ताट समोर थंड होतं आणि हे आकडे घासत असतात. एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यात ते दुकानात आले, वही उघडली आणि म्हणाले, उत्तर आता अनंत येत नाही, कातडीच्या केसभर अलीकडेच मोजणं थांबवलं की दुरुस्ती हाताशी येते. अक्षर पोराच्या पाटीवरचं असावं तसं वाकडं होतं.

मला हसू आलं, वाईटही वाटलं. तीन वर्षं त्यांनी यात घातली होती. मी विचारलं, "पण भाऊजी, या दुरुस्तीनं फरक किती पडते?"

त्यांनी वही मिटली, वाकड्या बोटांनी तिच्यावरची धूळ पुसली.

"लय थोडा," ते म्हणाले. "माह्या बापायेवढा."