कानानं टायपिंग

सीताबर्डीच्या आमच्या ऑफिसातल्या पहिल्या कॉम्प्युटरचा मेकॅनिक मशीन सुरू करताना नेहमी डोळे मिटायचा. "बोल गा!" म्हणायचा आणि 'पीं' ऐकू आलं की मगच डोळे उघडायचा.

कीबोर्डचं कुठलंही बटण दाबलं की टक् वाजे. साहेबांना ती कटकट वाटली, म्हणून मेकॅनिकनं मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आवाज बंद केला. मग आमच्या जुन्या टायपिस्ट बाई बसल्या. सगळा जन्म टाइपरायटरवर गेलेला. आता बोटं अडखळू लागली. "उमटलं का?" म्हणून त्या दर अक्षराला वर बघत.

दारापर्यंत गेलेला तो परत फिरला. मशीन पुन्हा सुरू करून त्यानं आवाज लावला, अगदी हळू.

"साहेब चिडतील," मी म्हणालो.

"चिडू द्या न जी. बाई कानानं टाइप करतात."