जेऊरच्या मांडवातली गोपनीयता

हसायचं तर खुशाल हसा, पण चहा आधी संपवा. नंतर तो घशाखाली उतरायचा नाही. माझ्याइतका गाढव माणूस अख्ख्या सोलापुरात शोधून सापडणार नाही!

मी काय करतो ते तुम्हाला माहीतच आहे. शहराबाहेर मानसिक आजारांचं निवासी उपचार केंद्र आहे, तिथं समुपदेशक. आमचा पहिला नियम गोपनीयतेचा. कोण राहून गेलं, कशासाठी, हे बायकोलासुद्धा सांगायचं नाही. रुग्ण बाहेर भेटला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. नवीन लोकांना हे शिकवायचं काम माझ्याकडे. आणि काय ऐटीत शिकवायचो!

तर आमच्याकडे महेश येऊन राहिला. महेश म्हणजे माझ्या बायकोचा, अलकाचा, चुलतभाऊ, जेऊरला गणिताचे क्लास घेतो. नैराश्यानं पार खचला होता. नात्यातला म्हणून त्याला दुसऱ्या समुपदेशकाकडे दिलं. गावात सांगितलं होतं, पुण्याला कोर्सला गेलाय. खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला ठाऊक. बरा होऊन घरी निघाला तेव्हा माझा हात धरून म्हणाला, "दाजी, गावात कळलं तर पोरं कोण पाठवंल? क्लास बसला की मी बी बसलो."

"माझ्या तोंडून ब्र निघायचा नाही," मी म्हणालो. आणि खरंच, अलकालाही कळू दिलं नाही.

पुढं माझ्या मेव्हणीचं लग्न आलं, जेऊरलाच. मांडवात जावयाला टोपी-टॉवेल करायला नेमका महेशच पुढं आला. चेहऱ्यावर तेज, हसतमुख. "या दाजी, बसा."

मला चटकन नियम आठवला. चेहरा कोरा ठेवून मी विचारलं, "आपण कोण?"

अहो, माझ्या लग्नात ज्यानं माझा कान पिळला, त्याला मी विचारतोय, आपण कोण!

महेशला थट्टाच वाटली. तो टोपी घालायला वाकला, तर मी डोकं मागं घेतलं. झालं! मांडवभर कुजबुज. "पाव्हणं रुसलं!"

"टावेल हलका वाटला आसंल."

"सोलापूरच्या माणसाला टावेल कसला दावताय? कापडं आणा की!"

कापडं आली. मी ढिम्म! अलका दातओठ खात कानाशी आली, "अहो, घ्या की! शोभतं का हे?" आता तिला काय सांगू? नियम!

शेवटी आबा उठले. आबा म्हणजे महेशचे वडील, भावकीतला थोरला माणूस. भर मांडवात पोरावर ओरडले, "म्हेश्या, काय बोललास रं पाव्हण्यास्नी? पाया पड आदी!"

"आबा, म्या काय बी केलं न्हाय."

"पड म्हणतो न्हवं!"

आणि तो बिचारा खरंच वाकला. मला ते बघवेना. मी ओरडलो, "अहो आबा, त्याला का बोलता? त्याचं काही चुकलं नाही! आमच्या केंद्राचा नियमच आहे, तिथं राहिलेल्या माणसाला बाहेर ओळख दाखवायची नाही!"

आबांनी पोराकडं बघितलं. "तू पुण्याला गेलतास न्हवं?"

महेश टोपी-टॉवेल तिथंच ठेवून मांडवाबाहेर निघून गेला.

केंद्रात आमच्या प्रमुख मॅडमना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, आजार लपवायचा होता. नातं लपवायला कुणी सांगितलं होतं? आणि समोरच्यानं आधी ओळख दाखवली तर आपण बोलायचं, हे नियमातच आहे ना?" आहे की! मीच शिकवतो ते.

क्लासची पोरं एकेक करून गेली. "सर लई चांगलं, पण पोरांचा प्रश्न हाय," म्हणे! ज्यांची थोरली पोरं महेशकडं शिकून इंजिनिअर झाली, तेच पालक धाकट्यांना काढून घ्यायला पुढं होते. अरे, कावीळ होऊन बरा झालेल्या मास्तरला कुणी असं टाकलं असतं का? चीड येते मला. गावाची येते, स्वतःची त्याहून जास्त.

आणि आता जेऊरची तऱ्हा बघा. मी एसटीतून उतरलो रे उतरलो की अर्धं गाव हात हलवत धावतं. "दाजी, वळखलं न्हवं? व्हय म्हणा की मोठ्यांदा!" ज्याला मी ओळख दाखवणार नाही, तो केंद्रात राहून आलेला ठरणार ना!

मागच्या महिन्यात महेश भेटला. रिकाम्या क्लासच्या पायरीवर बसला होता, पुन्हा तसाच, खांदे पाडून. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दाजी. डॉक्टर म्हणत्यात परत भरती व्हावं लागंल. तुमी जितं न्हाय, आसं एखादं केंद्र सांगा की."

सांगितलं. लांबचं, चांगलं. परवाच गेला तो तिकडं. निघताना फोन केला होता, "दाजी, ह्या टायमाला तरी कुणाला बोलू नका." मी शब्द दिला त्याला.

अरे, तुम्ही सगळे असे माझ्याकडे काय बघताय?